गेला, निघाला की काढला? इंग्रजी क्रियापद निवडताना

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक करडी ओळ उमटते. नाव आणि त्यापुढे ‘लेफ्ट’. कधी त्याच नावाबरोबर ‘रिमूव्ह्ड’ येतं. इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आयुष्यात न उघडलेल्या मावशीलाही या दोन ओळींतला फरक लगेच कळतो. पहिलीत तो रुसून गेला, दुसरीत ॲडमिननं त्याला घालवलं. आता फोन कोणाला करायचा आणि समजूत कोणाची काढायची, हे त्या एका क्रियापदावर ठरतं.

हीच जाण बायोडेटा लिहिताना, भाडेकरारावर सही करताना, व्हिसाचा फॉर्म भरताना मात्र कुठेतरी हरवते. मनात ‘सोडलं’ आणि ‘काढलं’ ही दोनच क्रियापदं असतात आणि त्यांच्यापुढे इंग्रजीतला पहिला सापडेल तो शब्द चिकटवला जातो. खरं तर मराठी या बाबतीत मुळीच गरीब नाही. कर्मचारी बडतर्फ होतो, कार्यकर्त्याची पक्षातून हकालपट्टी होते, गुंड तडीपार होतो, कर्जबुडवा परागंदा होतो, धरणाखाली गेलेलं गाव विस्थापित होतं, अधिकाऱ्याची उचलबांगडी होते आणि मंत्र्याची गच्छंती. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून या लेखाचा सल्ला एवढाच: इंग्रजी क्रियापद शोधण्याआधी नेमकं मराठी क्रियापद शोधा. ते सापडलं की अर्धं काम झालं.

ते सापडावं म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माणूस आपणहून हलला की त्याला कोणी हलवलं? हलवणाऱ्याच्या हाती काय होतं: मालकी, न्यायालयाचा आदेश, सरकारी अधिकार की नुसती दांडगाई? आणि तिसरा प्रश्न व्याकरणाचा: या क्रियापदाचं कर्म माणूस आहे की जागा? सर्वाधिक चुका या तिसऱ्या प्रश्नावर होतात.

साधं निघणं

‘लीव्ह’पासून सुरुवात करू. मराठीत सुटणं, निघणं आणि सोडणं वेगळं आहे, इंग्रजीत तिन्हींना ‘लीव्ह’च लागतं, पण पुढचं अव्यय बदलतं. बस स्वारगेटहून सुटते, तिथे ‘लीव्ह्ज फ्रॉम’. आपण नागपूरला जायला निघतो, तिथे ‘लीव्ह फॉर’. घर, गाव, नोकरी सोडतो, तिथे ‘लीव्ह’नंतर काहीच नाही, थेट जागेचं नाव. ‘आय लेफ्ट फ्रॉम होम’ आणि ‘आय ॲम लीव्हिंग टू नागपूर’ ही आपल्याकडची दोन ठरलेली चुकीची वाक्यं मराठी प्रत्ययांमुळे तयार होतात. ‘घरून’मधला ‘ऊन’ आणि ‘नागपूरला’मधला ‘ला’ आपण इमानेइतबारे इंग्रजीत नेतो. बरोबर वाक्यं अशी: ‘आय लेफ्ट होम ॲट सेव्हन’, ‘आय ॲम लीव्हिंग फॉर नागपूर’.

‘डिपार्ट’ हा वेळापत्रकाचा शब्द आहे. विमान, गाडी, शिष्टमंडळ यांना तो शोभतो. माणसाला तो जपून लावावा, कारण ‘द डिपार्टेड’ म्हणजे कैलासवासी. साहेब ऑफिसातून घरी गेले एवढंच कळवायचं असेल तर ‘ही हॅज लेफ्ट फॉर द डे’ म्हणावं.

उतरण्याचंही तसंच. ज्या वाहनात उभं राहता येतं किंवा ज्यावर स्वार होतात (बस, लोकल, विमान, मोटरसायकल, घोडा) त्यावरून ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं, त्या रिक्षा, टॅक्सी आणि कारमधून ‘गेट आउट ऑफ’. मेट्रोच्या घोषणेत ऐकू येणारं ‘अलाइट’ हे ‘गेट ऑफ’चंच औपचारिक रूप. आपलं ‘गेट डाउन’ भारतात सर्वांना समजतं, पण लंडनच्या बसमध्ये कोणाला म्हणालात तर तो खाली वाकेल. घर बदललं म्हणून ‘आय शिफ्टेड टू ठाणे’ म्हणतो, तेही इथलंच. बाहेरच्या वाचकासाठी ‘मूव्ह्ड’ लिहावं.

घर: खाली करणं आणि खाली करवणं

महाराष्ट्रात भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार असतो, बहुधा अकरा महिन्यांचा. त्यातल्या ‘लीव्ह’चा सोडण्याशी काही संबंध नाही. इथे त्याचा अर्थ परवानगी. कामावरची रजा म्हणजे ‘लीव्ह’, ती याच अर्थानं. रजा म्हणजे गैरहजर राहण्याची परवानगी.

करारात पुढे दोन क्रियापदं भेटतात. ‘व्हेकेट’ म्हणजे जागा खाली करणं. हे राहणारा करतो आणि त्याचं कर्म जागा असते: ‘द लायसन्सी शॅल व्हेकेट द फ्लॅट’. ‘इव्हिक्ट’ म्हणजे कायद्याच्या मार्गानं बाहेर काढणं. हे मालक किंवा सरकार करतं आणि कर्म असतो माणूस. ‘द टेनंट इव्हिक्टेड द फ्लॅट’ असं लिहिलं, तर भाडेकरूनं सदनिकेलाच घराबाहेर काढलं असा अर्थ होईल. आणि ‘द ओनर व्हेकेटेड द टेनंट’ हे वाक्यच होत नाही.

हा फरक पैशांतही मोजला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर लायसन्सीनं जागा खाली केली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन त्याला बाहेर काढण्याचा आदेश मागू शकतो आणि तोपर्यंत दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते. ‘व्हेकेट’ तुमच्या हातात आहे, ‘इव्हिक्ट’ नाही.

मालकानं नोटीस, दावा, आदेश यांपैकी काहीच न करता तुम्ही गावी गेलेले असताना कुलूप बदललं, सामान जिन्यात ठेवलं, तर? तक्रारीत ‘आय वॉज इव्हिक्टेड’ लिहू नका. वाचणाऱ्याला वाटेल, रीतसर प्रक्रिया झाली असावी. इथला शब्द ‘डिस्पझेस्ड’, म्हणजे ताबा हिरावला, आणि त्याच्या आधी ‘इल्लीगली’. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ मध्ये हेच क्रियापद आहे. कायदेशीर मार्गाशिवाय स्थावर मालमत्तेचा ताबा गेला, तर सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो.

काढणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न मुंबईत एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. ऑल्गा टेलिस खटल्याच्या निकालपत्रात या घोषणेसाठी दोन क्रियापदं येतात: ‘इव्हिक्ट’ आणि ‘डिपोर्ट’. पहिलं पदपथावरून उठवण्यासाठी. दुसरं एरवी परक्या देशाच्या नागरिकासाठी वापरतात, इथे ते आपल्याच देशातल्या माणसांना लागलं होतं. १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं मान्य केलं, पण कायद्यानं ठरलेल्या रीतीनं हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला.

‘क्विट’: जागेला थेट लागणारा शब्द

भाडेकरूला जागा सोडायला सांगणाऱ्या नोटिशीला इंग्रजीत ‘नोटीस टू क्विट’ म्हणतात. हे ध्यानात ठेवून ८ ऑगस्ट १९४२ च्या गवालिया टँकवरच्या ठरावाकडे पाहा. ‘क्विट इंडिया’ हे शब्द युसूफ मेहेरअलींनी सुचवले असं सांगितलं जातं. त्यात विनंती नाही आणि शिवीही नाही. मालकानं मुदत संपलेल्या भाडेकरूला बजावावं तशी ती नोटीस आहे. मराठीत ती ‘चले जाव’ म्हणून रुजली.

व्याकरण सोपं आहे. ‘क्विट’च्या पुढे ‘फ्रॉम’ येत नाही, भूतकाळीही तो बहुधा ‘क्विट’च राहतो, आणि त्यात कायमचं सोडल्याचा भाव असतो. जेवायला ऑफिसातून बाहेर पडलात, तर ‘आय क्विट ऑफिस’ म्हणू नका. परतल्यावर खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं दिसेल.

नोकरी: एका शब्दात पुढचं आयुष्य

नोकरीच्या जगात क्रियापद चुकणं सर्वांत महाग पडतं. आधी आपणहून सोडण्याचे शब्द. ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणं, ‘रिटायर’ म्हणजे निवृत्त होणं. ईमेलमध्ये ‘री-साइन’मधला हायफन विसरलात, तर ‘करार पुन्हा केला’ऐवजी ‘राजीनामा दिला’ असं वाचलं जातं. खेळाडूंच्या बातम्यांत हा गोंधळ नेहमीचा.

मग ‘रिलीव्ह’. भारतात रिलीव्हिंग लेटर म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र, अगदी सन्मानाचा कागद. पण परदेशातल्या मुलाखतीत ‘आय वॉज रिलीव्ह्ड ऑफ माय ड्यूटीज’ म्हणालात, तर समोरच्याला ‘याला काढलं’ असं ऐकू येतं. तिथे ‘आय रिझाइन्ड’ किंवा ‘माय कॉन्ट्रॅक्ट एंडेड’ हे साधं वाक्य पुरे.

काढण्याच्या शब्दांत दोष कोणाचा, हे पाहायचं. ‘फायर्ड’ आणि ब्रिटनमधलं ‘सॅक्ड’ यांत बहुधा कर्मचाऱ्याचा दोष गृहीत असतो. ‘लेड ऑफ’ आणि ब्रिटनमधलं ‘मेड रिडंडंट’ यांत नसतो: काम उरलं नाही किंवा पदच रद्द झालं. त्यातही ‘ले-ऑफ’चे अर्थ दोन आहेत. आपल्या कामगार कायद्यात ले-ऑफ तात्पुरता असतो. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बंद आहे म्हणून काम देता येत नाही, पण कामगाराचं नाव हजेरीपटावर राहतं. कायमचं कमी करण्याला आपला कायदा ‘रिट्रेंचमेंट’ म्हणतो. अमेरिकी कंपन्यांच्या बातम्यांतला ‘ले-ऑफ’ मात्र कायमचा. पुण्यातल्या आयटी कंपनीत आलेलं पत्र यांपैकी कोणत्या अर्थाचं आहे, हे आधी विचारून घ्या, मगच सही करा.

सरकारी नोकरीत तर शब्दागणिक शिक्षा बदलते. ‘सस्पेंड’ म्हणजे निलंबन, यात नोकरी जात नाही. ‘रिमूव्हल’ म्हणजे सेवेतून काढून टाकणं, ‘डिस्मिसल’ म्हणजे बडतर्फी. कानाला दोन्ही सारखेच कडक वाटतात. पण महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे काढून टाकलेला कर्मचारी पुढे सरकारी नोकरीसाठी अपात्र ठरत नाही, बडतर्फ झालेला सर्वसाधारणपणे ठरतो. केंद्राच्या नियमांतही हाच भेद आहे. आदेशाचा मराठी मसुदा समोर असेल, तर भाषांतर करताना ‘काढून टाकणे’साठी ‘डिस्मिस’ लिहू नका. एका शब्दानं माणसाचं भवितव्य बंद होईल.

आणखी एक शब्द आपल्याकडच्या मनुष्यबळ विभागांनी सैल करून टाकलाय: ‘ॲब्स्काँड’. नोटीस न देता काम सोडलेल्या मुलामुलींना कंपन्या सर्रास ‘ॲब्स्काँडिंग’ ठरवतात. मूळ अर्थ फरार होणं, कायद्याला चुकवून दडून बसणं. स्वतःबद्दल हा शब्द कधीही लिहू नका. ‘लेफ्ट विदाउट सर्व्हिंग नोटीस’ एवढंच लिहा. खरं तेवढंच आहे.

शाळा, कॉलेज आणि दवाखाना

‘आय पास्ड आउट इन २०१५’ हे वाक्य भारताबाहेर ऐकणारा विचारील, ‘मग शुद्धीवर कधी आलात?’ कारण तिकडे ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं. लष्करी प्रबोधिनीत मात्र ‘पासिंग आउट परेड’ बरोबर आहे, खडकवासल्यात ती होतेच. बाकीच्यांनी ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं. शिक्षण मध्येच सोडलं तर ‘ड्रॉप्ड आउट’, कायमचं काढलं तर ‘एक्स्पेल्ड’, काही काळासाठी घरी पाठवलं तर ‘सस्पेंडेड’ किंवा ‘रस्टिकेटेड’. रस्टिकेट हा शब्द ‘खेडं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये विद्यार्थ्याला काही काळ विद्यापीठाबाहेर धाडत, त्यासाठी तो वापरात होता. आपल्याकडे तो अनेकदा कायमच्या हकालपट्टीसाठीही वापरतात, म्हणून पत्रात मुदत स्पष्ट लिहिलेली आहे ना, ते पाहावं.

दवाखान्यात ‘डिस्चार्ज’ हे डॉक्टरांचं क्रियापद आहे. रुग्णाला ते सोडतात. डॉक्टर नको म्हणत असताना नातेवाईक रुग्णाला घेऊन गेले, तर केसपेपरवर ‘लेफ्ट अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’ अशी ओळ पडते आणि खाली तुमची सही घेतात. पुढे काही बिघडलं, तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न त्या ओळीपाशी येऊन थांबतो. सही करण्याआधी तिच्यातलं क्रियापद कोणाचं आहे, ते बघा.

हद्दपारीचे प्रकार

देशातून जाण्याच्या शब्दांसाठी ब्रह्मदेशातल्या मंडालेचा इतिहास हाताशी ठेवावा. १९०७ साली लाला लजपतराय यांना मंडालेला नेलं, तेव्हा खटला झाला नव्हता. १८१८ च्या रेग्युलेशनखाली सरकारनं नुसता आदेश काढला. त्यासाठी शब्द होता ‘डिपोर्ट’. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळक त्याच मंडालेला गेले, पण मुंबईत खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर. त्या शिक्षेचं नाव ‘ट्रान्स्पोर्टेशन’. आपण तिला काळं पाणी म्हणत असू. आणि त्याच मंडालेहून ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली टिळकांच्या जन्मगावी रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ साली तिथेच वारला. त्याचं ते ‘एक्झाइल’: आपल्या भूमीपासून तोडून दूर ठेवणं. गाव तेच, पण अधिकार वेगळा म्हणून क्रियापद वेगळं.

आजही तेच. ‘डिपोर्ट’ म्हणजे परदेशी नागरिकाला सरकारनं आपल्या देशाबाहेर पाठवणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्करी विमानानं १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, ते डिपोर्ट केलेले. ‘एक्स्ट्राडाइट’ म्हणजे प्रत्यार्पण. दुसऱ्या देशानं खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी मागितलेला आरोपी त्याच्या हवाली करणं. २६/११ च्या हल्ल्याच्या प्रकरणातला तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आला तो असा. प्रत्यार्पणाला अटी चिकटतात. अबू सालेमला पोर्तुगालनं २००५ मध्ये सोपवलं, ते फाशी किंवा २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही या भारताच्या हमीवर. बातमीत ‘डिपोर्ट’ लिहिलं की या साऱ्या अटी वाचकाच्या नजरेआड होतात.

आपल्या ‘तडीपार’साठी इंग्रजी पोलिसी शब्द ‘एक्स्टर्न’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली गुंडाला जिल्ह्याबाहेर जास्तीत जास्त दोन वर्षं ठेवता येतं. भारताबाहेर हा शब्द कोणी ओळखणार नाही, तिथे ‘बार्ड फ्रॉम द डिस्ट्रिक्ट’ असं उलगडून लिहा.

आपणहून देश सोडणाऱ्यांसाठी ‘एमिग्रेट’ आणि ‘इमिग्रेट’. स्पेलिंग ‘ई’नं सुरू होणारा म्हणजे एक्झिट, ‘आय’नं सुरू होणारा म्हणजे इन. ‘एमिग्रेट फ्रॉम इंडिया’, ‘इमिग्रेट टू कॅनडा’. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर असणारा शेरा ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असतो, कारण तो बाहेर जाणाऱ्यासाठी आहे. आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याची अडचण येते.

संकटात आणि संकटातून

‘इव्हॅक्युएट’ म्हणजे धोक्यातून सुरक्षित जागी हलवणं. हे क्रियापद जागा आणि माणूस दोन्ही कर्मं घेतं: इमारत रिकामी केली तरी ‘इव्हॅक्युएट’, रहिवासी हलवले तरी ‘इव्हॅक्युएट’. १९९० साली इराकनं कुवेत घेतल्यावर सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणलं आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’खाली विद्यार्थी आणले, ही दोन्ही इव्हॅक्युएशन. डॉक्टरांच्या भाषेत हेच क्रियापद पोट साफ होण्यासाठी वापरतात, म्हणून कर्म लिहायला विसरू नये.

‘डिस्प्लेस’ म्हणजे विस्थापित करणं. यात सुरक्षेचा नव्हे, उखडण्याचा अर्थ आहे. धरण, महामार्ग किंवा युद्धानं गाव उठलं, तर हा शब्द. प्रकल्पग्रस्तांच्या अर्जात ‘शिफ्टेड’ लिहिलं की घर बदलल्यासारखं वाटतं, ‘डिस्प्लेस्ड’ लिहिलं की पुनर्वसनाचा हक्क दिसतो.

‘फ्ली’ म्हणजे जिवाच्या भीतीनं किंवा कायद्याच्या धाकानं पळणं. भूतकाळ ‘फ्लेड’ आणि कर्म थेट: ‘फ्लेड द कंट्री’. ‘फ्लाय’च्या ‘फ्लू’शी गल्लत केलीत, तर कर्ज बुडवून पळालेला माणूस नुसता विमानानं गेला असं होईल. ‘डिझर्ट’ म्हणजे ज्याला सांभाळायचं त्याला वाऱ्यावर टाकून जाणं, मग तो जोडीदार असो वा पलटण. हिंदू विवाह कायद्यात किमान दोन वर्षं सलग असा त्याग हे घटस्फोटाचं कारण आहे. पत्नी माहेरी गेली एवढ्यावर हा शब्द लिहू नये.

फॉर्म भरताना

व्हिसाच्या फॉर्मवर बहुधा एकाच ओळीत चार गोष्टी विचारलेल्या असतात: प्रवेश नाकारला होता का, डिपोर्ट केलं होतं का, रिमूव्ह केलं होतं का, देश सोडायला सांगितलं होतं का. या चार वेगळ्या घटना आहेत. ब्रिटनमध्ये ‘डिपोर्ट’ प्रामुख्यानं गुन्ह्यामुळे किंवा सार्वजनिक हितासाठी होतं, मुदतीहून अधिक राहिलेल्याला ‘रिमूव्ह’ करतात. अमेरिकेच्या कायद्यात १९९६ च्या बदलानंतर ‘रिमूव्हल’ हाच अधिकृत शब्द झाला. तिथे आपणहून निघून जाण्याची मुभा मिळाली असेल, तर ती ‘व्हॉलंटरी डिपार्चर’ म्हणून वेगळी नोंदली जाते. जे घडलं त्याच शब्दापुढे ‘होय’ लिहा. जुन्या आदेशाची प्रत समोर ठेवा आणि त्यातलं क्रियापद जसंच्या तसं उतरवा. आठवणीवर विसंबू नका आणि एजंटच्या शब्दावर तर नकोच.

कोणत्याही इंग्रजी कागदावर सही करण्याआधी पेन्सिल घ्या आणि जाण्या-काढण्याच्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा. प्रत्येकाचं नेमकं मराठी समासात लिहा: सोडलं, खाली केलं, कार्यमुक्त झालो, बडतर्फ केलं, हद्दपार केलं. जिथे मराठी शब्द सुचत नाही किंवा सुचलेला शब्द खऱ्या घटनेशी जुळत नाही, तिथे थांबा आणि दुरुस्ती मागा. सहीनंतर ती मिळणं कठीण असतं.